आधी करडू, मग गोठा

आठवडी बाजारात जाणते गिऱ्हाईक शेळीचा भाव आधी विचारत नाही. ते एका हाताने तिचा जबडा धरते, अंगठ्याने खालचा ओठ ओढते आणि दात बघते. शेळीला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते. सगळा हिशेब खालच्या आठ दातांचा. आठही बारीक, दुधाचे असतील तर जनावर साधारण वर्षाच्या आतले. मधले दोन पडून त्या जागी रुंद, पक्के दात आले की ते ‘दोन दाती’ झाले, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचे. दुसऱ्या वर्षाच्या आसपास चार दाती, तिसऱ्याच्या आसपास सहा दाती, आणि चौथ्या वर्षाकडे तोंड जुळते. पुढे दातांत फटी पडतात, ते झिजतात, हलू लागतात. अशा शेळीला पाला ओरबाडता येत नाही आणि पोटभर चारा समोर असूनही ती खंगत जाते. दात पाहून झाले की हात कासेकडे जातो. दोन्ही सड सारखे आहेत का, कासेत कुठे गाठ लागते का, हे चाचपले जाते. मग शेपटीखाली नजर जाते. तिथले केस पातळ लेंडीने माखलेले असतील तर गिऱ्हाईक पुढच्या शेळीकडे वळते. हे सगळे अर्ध्या मिनिटात होते.

ही तपासणी कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही. सासूने सुनेला, बापाने पोराला, मेंढक्याने भाच्याला ती दाखवलेली असते. शेळी-मेंढीपालनाचे बहुतेक ज्ञान महाराष्ट्रात अजूनही असेच हातातून हातात जाते. 2019च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 14.88 कोटी शेळ्या आणि 7.42 कोटी मेंढ्या आहेत. त्यांपैकी एक कोटीहून अधिक शेळ्या एकट्या महाराष्ट्रात आहेत. यातल्या फार मोठ्या भागाचा मालक ‘शेळीपालन उद्योजक’ नाही. तो दोन-चार शेळ्या बाळगणारा भूमिहीन मजूर आहे, अल्पभूधारक आहे, आणि प्रत्यक्ष चारणारे, पाजणारे, रात्री उठून बघणारे माणूस म्हणाल तर ती बहुतेक घरांत बाई आहे. मुलाच्या फीला, दवाखान्याला, बियाणे आणायला बोकड विकला जातो. बँकेत खाते असले तरी अडीनडीला हात घातला जातो तो दावणीलाच.

दुसऱ्या बाजूला गेल्या काही वर्षांत एक नवा वर्ग या धंद्यात उतरला आहे. नोकरी सोडून गावी परतलेला तरुण, ऊस-सोयाबीनला कंटाळलेला शेतकरी, निवृत्तीनंतर जमिनीचा तुकडा कामाला लावू पाहणारा माणूस. सरकारी योजनाही त्याच्यासाठी आहेत. राज्याच्या योजनेत 10 शेळ्या आणि 1 बोकड असा गट मिळतो. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात 2021पासून 100 माद्या आणि 5 नरांपासून 500 माद्या आणि 25 नरांपर्यंतच्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या निम्मे अनुदान आहे. आकडा मोठा दिसतो आणि घात तिथूनच सुरू होतो. भांडवल आले की पहिले बांधकाम निघते. पत्रे, लोखंडी अँगल, प्लॅस्टिकची जाळीदार फळी, रंगवलेल्या गव्हाणी. गोठा उभा राहिल्यावर तो भरायचा म्हणून तीन-चार बाजारांतून एकाच आठवड्यात शंभर शेळ्या आणल्या जातात. प्रत्येक बाजारातून कोणता ना कोणता रोग सोबत येतो. प्रवासाने दमलेल्या, पाणी आणि चारा बदललेल्या शेळ्या एकमेकींना तो देतात आणि पहिल्या महिन्यातच मरतूक लागते.

म्हणूनच या विषयाच्या पहिल्या पाठात गोठ्याला फार जागा द्यायची गरज नाही. जमीन कोरडी हवी, लेंडी-मुताचा वास कोंडता कामा नये, पावसाची झड आत यायला नको, मोठ्या शेळीला छपराखाली दहा-बारा चौरस फूट आणि बाहेर मोकळ्यात त्याच्या दुप्पट जागा मिळावी. एवढे जमले तर कुडाचा गोठाही चालतो. आणलेले प्रत्येक नवे जनावर मात्र किमान तीन आठवडे वेगळे बांधायचे. हा नियम पाळायला पैसा लागत नाही, धीर लागतो.

शेळी कुठली घ्यावी, हा नवशिक्याचा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर त्याच्या गावाच्या हवेत असते. धाराशिव, लातूर, सोलापूरच्या कोरड्या टापूत काळी उस्मानाबादी शतकानुशतके टिकली आहे. जिल्ह्याचे नाव बदलले तरी जातीचे नाव तेच राहिले. ती जुळी देण्यात हुशार, आणि बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, काटेरी झुडपे यांवर निभावणारी. नगर-नाशिक-पुण्याच्या पट्ट्यात संगमनेरी, विदर्भात अमरावती-अकोल्याकडे बेरारी, आणि सिंधुदुर्गात धो-धो पाऊस सोसणारी कोकण कन्याळ. उस्मानाबादी कोकणात नेली की पावसाळ्यात तिचे खूर आणि फुप्फुस दोन्ही कुरकुरू लागतात. राजस्थानची सिरोही किंवा पंजाबची बीटल दिसायला उंचीपुरी, व्हिडिओत तर फारच देखणी. पण तिला लागणारा खुराक आणि चारा ज्याच्याकडे नाही त्याने तिच्या उंचीच्या मोहात पडू नये.

जातीपेक्षाही महत्त्वाचा असतो बोकड, कारण कळपातल्या प्रत्येक करडाचे अर्धे रक्त त्याचे. पंचवीस-तीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. गावोगावी मात्र याच ठिकाणी एक नुकसान वर्षानुवर्षे चालत आले आहे आणि त्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. कळपात सगळ्यांत वेगाने वाढणारा, भरदार, देखणा नर बकरी ईदला किंवा जत्रेला आधी विकला जातो, कारण त्यालाच चांगला भाव येतो. मागे राहतो तो खुरटा, न खपलेला. तोच शेळ्यांना लागतो. म्हणजे दरवर्षी उत्तम बीज बाजारात जाते आणि हलके बीज गावात उरते. शिवाय तोच बोकड दोन-तीन वर्षे ठेवला की तो स्वतःच्याच पाटींना लागतो. करडे लहान जन्मतात, मरतात, आणि दोष चाऱ्याला दिला जातो. जुळ्यांतला, चांगल्या दुधाच्या आईचा एक नर राखून ठेवणे आणि दोन वर्षांनी तो शेजारच्या गावाशी बदलणे, एवढ्यानेही गावाचा कळप सुधारू शकतो.

बीज सुधारण्याचे काम शास्त्रशुद्ध रीतीने कसे होते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत शिकण्यासारखा नमुना फलटणला आहे. बनबिहारी निंबकरांनी 1968 साली तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. बोअर या दक्षिण आफ्रिकी मांसल शेळीचे गोठवलेले भ्रूण आणून ती जात भारतात रुजवण्याचे काम या संस्थेने नव्वदच्या दशकात केले. पण तिचे अधिक मोलाचे काम मेंढीवरचे. दख्खनी मेंढी काटक, मैलोन्‌मैल चालणारी. ती बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची एक चिमुकली मेंढी आहे. दलदलीत राहते, अंगाने अगदी लहान, पण जुळी-तिळी तिला नेहमीची. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या अशाच मेंढ्यांकडून तिथल्या बुरूला मेरिनो मेंढीत जास्त कोकरे देणारे जनुक आले असे मानले जाते. फलटणच्या या संस्थेच्या पशुसंवर्धन विभागाने, चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली, तेच जनुक गारोळकडून दख्खनीत आणले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांची साथ होती. रक्त तपासून कोणत्या कोकरात जनुक आहे ते ओळखायचे, पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर करून अंग दख्खनीसारखे मोठे ठेवायचे आणि जुळ्यांचा गुण तेवढा टिकवायचा, असे ते वर्षानुवर्षांचे काम. त्यातून ‘नारी सुवर्णा’ उभी राहिली.

नवशिक्याने या कहाणीतून घ्यायची गोष्ट जनुकापुढची आहे. जुळी झाली म्हणजे फायदा दुप्पट होत नाही. जुळ्यांचे वजन जन्मतः कमी असते, आईचे दूध दोघांत वाटले जाते. त्यामुळे फलटणच्या संशोधकांना धनगरांच्या कळपात जाऊन मेंढीला गाभणपणी काय घालायचे आणि अशक्त कोकराला वरचे दूध कसे पाजायचे, याचाही विचार करावा लागला. बीज सुधारले तरी संगोपन तेवढेच पक्के लागते. शेळीपालनाचा नफा-तोटा ठरतो तो इथे, करडाच्या पहिल्या काही दिवसांत.

हिशेब करून बघावा. शेळी साधारण 150 दिवसांनी विते. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेते घेता येतात. दहा शेळ्यांची वर्षाला पंधरा वेते झाली आणि निम्म्या शेळ्यांनी जुळी दिली तर बावीस-तेवीस करडे येतात. यातली सात-आठ गेली की उरलेल्यांच्या विक्रीतून चारा आणि औषधपाणीच कसेबसे निघते. दहाऐवजी वीस शेळ्या घेतल्याने हे भोक बुजत नाही. मरणारी करडे दुप्पट होतात, इतकेच.

करडू वाचते ते जन्माच्या दीड महिना आधीपासून. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा-सात आठवड्यांत होते आणि नेमका त्याच काळात शेळीच्या पोटात जागा कमी उरते. म्हणून या दिवसांत तिला थोड्या वैरणीत जास्त कस द्यायचा: रोज पाव किलोच्या आसपास खुराक, लसूणघास किंवा शेवरी, तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट, आणि चाटायला खनिजांची वीट. विण्याच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची लस टोचली तर तिची ताकद चिकातून करडाला मिळते. शेळीच्या गर्भाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. करडू जन्मते तेव्हा या बाबतीत अगदी कोरे असते. जे काही मिळायचे ते चिकातून, आणि आतड्याला ते शोषून घेता येते तेही पहिल्या दिवसापुरतेच. प्रत्येक तासागणिक ते कमी होत जाते.

म्हणून शेळी व्यायल्यावरचा पहिला तास फार मोलाचा. करडाच्या नाकातोंडातला चिकटा पुसायचा, आईला त्याला चाटू द्यायचे, नाळ दोन बोटे ठेवून स्वच्छ दोऱ्याने बांधायची, खालचा भाग निर्जंतुक पात्याने कापून टोक टिंक्चर आयोडिनात बुडवायचे. सडाच्या तोंडाशी मेणासारखी गुठळी असते. दोन पिळे काढून ती मोकळी केली नाही तर अशक्त करडू ओढून ओढून थकते आणि पाहणाऱ्याला वाटते ते पीत आहे. दोन किलोच्या करडाच्या पोटात दिवसभरात दोनशे मिलीच्या आसपास चीक जायला हवा, तोही थोडा थोडा करून, पहिला घोट तासाच्या आत. वार पडायची वाट बघत चीक थांबवून ठेवण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती मोडायलाच हवी. रात्र थंडीची असेल तर करडाच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड आतून गार लागले तर त्याला आधी ऊब द्यायची, मग पाजायचे. गारठलेल्या पिलाच्या पोटात बळेच ओतलेले दूध पचत नाही, फुप्फुसात गेले तर जीवही जातो.

पुढे महिना-दोन महिन्यांनी रक्ती हगवण येते, तीन-चार महिन्यांनी जंत. जंतांतला सर्वांत घातकी शेळीच्या चौथ्या पोटात बसून रक्त पितो. त्याची अंडी लेंडीतून बाहेर पडतात, पावसाळी ओलाव्यात अळ्या गवताच्या पात्यावर चढतात आणि सकाळी दवात चरणाऱ्या जनावराच्या पोटात जातात. म्हणून जुने जाणते पावसाळ्यात दव उतरल्यावरच शेळ्या सोडतात. झुडपाचा पाला वर मान करून खाणारी शेळी जमिनीलगतचे गवत खाणाऱ्या मेंढीपेक्षा यातून बरीच वाचते. मात्र चरायला झुडपे उरली नाहीत आणि तिला गवतावर आणले की तिची ही सवयीची ढाल गळून पडते.

जंताचे औषध सगळ्यांना, दर तीन महिन्यांनी, बाटलीवरून अंदाजाने पाजणे ही आजची सार्वत्रिक चूक आहे. मात्रा कमी पडते, औषध पचवणारे जंत तेवढे उरतात आणि काही वर्षांत ते औषध पाणी होऊन बसते. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यकांनी यावर काढलेली युक्ती खर्चाशिवायची आहे. शेळीची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढायची आणि आतला रंग पाच रंगांच्या तक्त्याशी ताडायचा. लालबुंद असेल तर औषधाची गरज नाही. फिका गुलाबी, पांढरट दिसला तर रक्त शोषले जात आहे. तेवढ्याच शेळ्यांना, वजन करून, पुरेपूर मात्रा द्यायची. हनुवटीखाली पाणी साठून सूज दिसली तर मात्र वाट बघू नये.

लसीकरणाबाबत एवढेच सांगणे पुरे की पीपीआर, म्हणजे शेळ्यांना ताप, हगवण, तोंडात फोड आणि न्यूमोनिया आणून कळपच्या कळप बसवणारा रोग, आता निव्वळ निष्काळजीपणामुळे मारतो. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात तयार झालेली लस एकदा टोचली की तीन वर्षे तरी संरक्षण देते. 2030पर्यंत हा रोग जगातून संपवण्याचे आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट आहे. गावातल्या पशुधन पर्यवेक्षकाला किंवा पशुसखीला वेळेत गाठणे एवढेच पशुपालकाच्या हाती उरते. पशुसखी ही गावातलीच प्रशिक्षित बाई. लस, जंतनाशक, खच्चीकरणाची वेळ हे ती घरी येऊन बघते. शेळी जिच्या ताब्यात आहे त्या बाईला दुसऱ्या बाईला प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही, हे तिच्या कामाचे खरे बळ आहे.

मेंढीचा विषय वेगळा आहे, कारण मेंढी बांधून पाळण्याचे जनावर नाही. दिवाळी झाली की माणदेशातले, नगर-पुण्याकडचे धनगर वाडे घेऊन कोकणाकडे, घाटमाथ्याकडे निघतात. संसार घोड्यावर, कोकरे पिंजऱ्यात किंवा झोळीत, रात्री शेतात वाघर लावून मेंढ्या कोंडायच्या. ज्याच्या शेतात मेंढ्या बसतात त्याला लेंडीखत मिळते, मेंढक्याला धान्य किंवा पैसे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 1955च्या ‘बनगरवाडी’ने हे जग मराठी वाचकाला ओळखीचे केले. आज मात्र उसाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्यात पडीक शेत मिळत नाही, गायरानांवर अतिक्रमण आहे, दख्खनीच्या जाड लोकरीला घोंगडीपलीकडे फारसे गिऱ्हाईक उरलेले नाही. म्हणून अनेकांनी मांसाला भरणारी, जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी पसंत केली आहे. पुण्याच्या ‘अंथ्रा’सारख्या संस्थेने, जी 1992मध्ये महिला पशुवैद्यकांनी सुरू केली, दख्खनी मेंढी आणि मेंढपाळांची औषधविद्या यांची नोंद वर्षानुवर्षे केली. ही नोंद जपायला हवी. एखाद्या मेंढक्याला कोणत्या माळावर कधी विषारी रोपे वाढतात हे ठाऊक असते. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी खाऊन किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हेही त्याला पुस्तकाआधी कळलेले असते. त्याच्या डोक्यातले हे त्याच्या मुलापर्यंत पोचण्याआधीच वाडा मोडला तर ते परत कुठून मिळवणार?

उरला विक्रीचा भाग. चार-पाच महिने जीव लावून वाढवलेला बोकड दारात आलेला व्यापारी पाठीवर हात फिरवून, नजरेने वजन ठरवून उचलतो. त्याची नजर पक्की असते, विकणारीची त्या मानाने कच्ची, आणि तफावत नेहमी एकाच बाजूला जाते. ताणकाटा नसेल तर शिंप्याची फीतही पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजायची. घेराला घेराने गुणायचे, आलेल्याला लांबीने गुणायचे आणि 660ने भागायचे. घेर 28 इंच आणि लांबी 25 इंच असेल तर वजन तीस किलोच्या जवळ येते. एखाददुसरा किलो इकडेतिकडे होईल, पण बोलणी सुरू होण्याआधी आपल्या बोकडाचे वजन ठाऊक असलेल्या बाईशी व्यापारी वेगळ्या सुरात बोलतो.

पुढची प्रकरणे ओळीने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्यांच्या दावणीला आज गाभण शेळी आहे त्यांनी विणे आणि चीक यांचे प्रकरण सर्वांत आधी वाचावे आणि टिंक्चर आयोडिनची बाटली आजच आणून ठेवावी. ज्यांच्याकडे अजून एकही जनावर नाही त्यांनी चाऱ्यापासून सुरुवात करावी: बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा पावसाळ्याच्या तोंडाला लावून घ्यावा, म्हणजे शेळ्या येईपर्यंत पाला तयार असेल. बाजारात जायची घाई असलेल्यांनी दोन-तीन बाजार रिकाम्या हाताने फिरावेत, भाव ऐकावेत, विकणाऱ्याच्या परवानगीने वीस-पंचवीस शेळ्यांचे दात आणि पापण्या बघाव्यात. पहिली खरेदी दोन-तीन शेळ्यांची, शक्यतो ओळखीच्या घरून, दुसऱ्या-तिसऱ्या वेतातली, सोबत करडू असलेली करावी. दुधाचा, विण्याचा आणि स्वभावाचा दाखला तिथे डोळ्यांसमोर असतो.